पाच मिलिमीटरचा बोल्ट

महिन्याभरात तिसरी सायकल आमच्या दुकानात परत आली. पाण्याच्या बाटलीचा होल्डर फ्रेमला धरून ठेवतात त्या दोन बोल्टांपैकी एक नुसताच गरगर फिरत होता. भोकातले आटे साफ गेलेले. गिऱ्हाईक सभ्य होतं, "बघा जरा" एवढंच म्हणालं. मी सभ्य नाही. मी फोन करून बोल्टवाल्याला बोलावून घेतलं.

सासरे खिडकीपाशी त्यांच्या टेबलावर चेन पुसत बसले होते. चाळीस वर्षं ते याच टेबलावर बसतात. त्यांना टीव्हीत रस नाही, बागेत बसून इतर म्हाताऱ्यांशी गप्पा मारण्यात तर नाहीच नाही. हे टेबल सुटलं तर माणूस खचेल, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बोल्टवाला आत येतो न येतो तोच मी तोंडाचा पट्टा सोडला. "अहो, जगभर याचं माप ठरलेलं आहे. पाच मिलिमीटरचा बोल्ट, दोन भोकांत चौसष्ट मिलिमीटर अंतर. कुठलाही होल्डर कुठल्याही सायकलला बसावा म्हणूनच ना? आणि तुम्ही काय वाट्टेल तो माल आमच्या गळ्यात मारता!"

खिशातून माप तपासायचं गेज काढून त्याने आमच्या डबीतले वीस बोल्ट एकेक करून तपासले. वीसच्या वीस बरोबर निघाले.

"ताई, बोल्ट तिरका घुसवला की भोक जातं."

"आमच्याकडे तिरका कोण घुसवणार? बाबांच्या हातून तर जन्मात नाही."

"माल चांगला आहे, सूनबाई," सासरे म्हणाले. "त्या तिन्ही सायकली मीच केल्यात. बोल्टचे पहिले दोन-तीन आटे बोटांनी फिरवायचे असतात. सरळ जातोय का अडतोय, ते बोटांना कळतं. मला कळेनासं झालंय. दोन महिने बोटं बधिर आहेत."

मला त्यांचा भयंकर राग आला. मी त्यांच्यासाठी भांडत असताना हे मूग गिळून बसले होते. बोल्टवाल्याची माफी मागितली, तीही तुसड्यासारखीच. तो गेला.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"गोळ्या घेतोय. गुपचूप."

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"सांगितलं असतं, तर इथे बसू दिलं असतंस?"

"नसतं दिलं," मी म्हणाले. त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही.

त्यांनी मान हलवली आणि कपड्यांवरची धूळ झटकत उठायला लागले. ते उठणं मला बघवेना. स्टँडवर एक नवी सायकल होल्डरची वाट बघत उभी होती. मी बोल्ट घेतला, तीन आटे बोटांनी सरळ आत घातले आणि बोल्ट आवळायची ॲलन की त्यांच्यापुढे धरली.

"आवळा."

ते कीकडे बघत राहिले. "गिऱ्हाईक विचारेल, एका बोल्टला दोन माणसं कशाला लागतात?"

"विचारू दे," मी म्हणाले, आणि सायकल घट्ट धरून उभी राहिले.