डॉक्टर आत आहेत

"टाक ना गं मणी, टाक," छाया मनातल्या मनात म्हणाली आणि तिनं आवाज आणखी वाढवला.

काचेपलीकडे चार वर्षांची भाग्यश्री डोक्याला मोठाले हेडफोन लावून बसली होती. आवाज आला की मणी वाटीत टाकायचा, एवढाच खेळ. पोरीला तो पक्का समजला होता. शिकवताना छायानं टेबलावर थाप मारली की हादरा हाताला कळायचा आणि ती खुदकन हसून मणी टाकायची. आता मात्र मणी मुठीत घट्ट धरून ती नुसती बसून होती. बटण शेवटपर्यंत फिरलं, पण वाटी रिकामीच राहिली.

लग्नाआधीपासून छाया याच यंत्रावर बसत होती. कळायचं ते तिला कळलं, पण कळलेलं तोंडातून काढायचं नाही असा नियम होता. कानाची तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायची आणि निकाल डॉक्टरांनीच सांगायचा. कामगारांच्या घरच्यांची बिलं भरणाऱ्या कंपन्याही त्याच अटीवर पैसे देत; डॉक्टर हजर नसतील तर बिल नामंजूर. आता नियमात काही वाईट नव्हतं हो! वाईट हे होतं की सोमवारी डॉक्टर ओझरला ऑपरेशनं करायला जात आणि बिलात त्यांची फी सोमवारीही लागे. निघताना केबिनमधला दिवा आणि पंखा चालू ठेवून ते बजावून जात, "कोणी विचारलं तर मी आत आहे, कामात आहे." आजही सोमवारच होता.

पहिल्यांदा हे बोलताना छायाची जीभ अडखळली होती. आता 'चहा घेणार का?' विचारावं इतक्या सहज ते तोंडातून निघे. या सहजपणाचीच तिला लाज वाटायची. नवऱ्याला तिनं कधी हे सांगितलं नव्हतं. काय तोंडानं सांगणार?

पोरीला घेऊन ती बाहेर आली तेव्हा बाकावर सिंधुबाई, म्हणजे भाग्यश्रीची आई, शेजारच्या म्हाताऱ्याला दटावत होती. "हळू बोला ना बाबा! डॉक्टर आत काम करू ऱ्हायले, त्यांना तरास होईल."

छायानं मान खाली घातली. सिंधुबाई मखमलाबादची. घरचा फुलांचा मळा, पहाटे उठून झेंडू बाजारात न्यायचा. नवरा देवराम अंबडच्या कंपनीत होता आणि बिल कंपनी भरणार होती, म्हणून तर एवढ्या मोठ्या दवाखान्याची पायरी ती चढली होती.

"रिपोर्ट गुरुवारी मिळेल," छाया म्हणाली. "डॉक्टर सगळं समजावून सांगतील."

"हिला ऐकू येत नाय ते मला ठावं हाय, ताई. आई हाय मी हिची." सिंधुबाईनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला दुसरंच इचारायचंय. मागल्या वर्साला हिनं फुलांची पाटी उलथी केली, तव्हा मी हिच्या कानाखाली वाजवली. लय जोरात वाजवली. माझ्यामुळंच झालं का हे? यांना अजून सांगितलेलं नाय. रातची झोप नाय मला."

नियम गेला खड्ड्यात! छाया म्हणाली, "अहो, चापटीनं कुठं असं होतं? हे जन्मापासूनचं आहे. इतक्या वर्षांत अशी कितीतरी मुलं बघितलीत मी."

सिंधुबाई कसनुसं हसली. "तुम्ही मनाच्या चांगल्या म्हणून म्हणू ऱ्हायल्या. डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तर जिवाला पटंल. दोन मिनिटं आत सोडा ना."

"आत नाही सोडता येणार. ते कामात आहेत."

"मग तुम्हीच जाऊन इचारा. मी हितंच उभी ऱ्हाते."

आता काय करायचं? डॉक्टर नाहीत म्हणावं, तर बिल जाणार, त्यापाठोपाठ नोकरी जाणार. आणि सकाळपासून आपण हिला तोंडावर फसवतोय हे हिला कळणार. शिवाय जे छायानं सांगितलं ते खरंच होतं, आणि ते खरं या बाईला डॉक्टरांच्या नावाशिवाय खरं वाटणार नव्हतं. छायानं केबिनचं दार ढकललं, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

रिकाम्या खुर्चीसमोर ती उभी राहिली. विचारायला आणि सांगायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ काढायचा होता. देवा रे, ही काय वेळ आणलीस! समोर कोणी नव्हतं, तरी तिचे कान तापले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तिच्या पांढऱ्या कोटाला ओढ बसली. भाग्यश्री मागोमाग आत आली होती. पोरीनं खुर्चीच्या मागे बघितलं, वाकून टेबलाखाली बघितलं, पडदा बाजूला सारला. मग छायाकडे वळून तिनं दोन्ही हात पसरले. कोणीच नाही!

छायानं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहा, अशी खूण, आणि ती कोणाला करावी? स्वतःचं ते बोट तिला तोडून टाकावंसं वाटलं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, चापटीचा काही संबंध नाही. हे जन्मापासूनच आहे. तुमचा काही दोष नाही."

"खरंच म्हणाले?"

"हो, खरंच."

सिंधुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिथंच बसून तिनं केबिनच्या उंबऱ्यावर डोकं टेकवलं. "देवमाणूस हाय," ती म्हणत राहिली. "लय मोठं ओझं उतरवलं बघा माझं."

भाग्यश्री आईचा पदर ओढत होती. दाराकडे बोट दाखवायची आणि हात पसरायची. पुन्हा दाराकडे बोट, पुन्हा हात.

"काय गं? काय झालं?" सिंधुबाईनं डोळे पुसले. "ताई, तुम्ही असल्या पोरांत असता, तुम्हाला समजत असंल. काय सांगू ऱ्हायली ही?"

छायानं पोरीकडे पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली. "मला नाही कळत."

"डॉक्टरनी बरं केलं का म्हणून इचारत असंल," सिंधुबाई म्हणाली. तिनं पोरीचे पसरलेले दोन्ही हात धरले, जुळवले आणि बंद दाराकडे वळवले. पोरीनं हात तसेच जोडून ठेवले, पण बघत राहिली ती छायाकडेच.