डावा काठ

माझी बायको ह्युगेत गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये भर दुपारी रस्त्याच्या कडेला कोसळली आणि संध्याकाळी इस्पितळात वारली. तेव्हापासून मी एकच गोष्ट मनात धरून बसलो होतो. ती माझ्यावर चिडली होती, आणि मला धक्क्यावर तसाच वाट बघत ठेवून स्टेशनकडे निघाली होती.

असं वाटायला कारण होतं. आदल्या रात्री फोनवर आमचं वाजलं होतं. ती चार दिवस आमच्या मुलीकडे, आँजेला होती. दुसऱ्या दिवशी आम्हाला सेंत-ओब्रें बघायचं होतं.

मी चौतीस वर्षं ल्वार नदीतून वाळू काढली. निवृत्त झालो तेव्हा ह्युगेत म्हणाली, "आता तुझी नदी मला दाखव." मग दर उन्हाळ्यात आम्ही काठावरची जुनी गावं बघत हिंडायचो. तीन उन्हाळ्यांत नऊ गावं झाली. मी धक्के बघायचो, जुन्या नावा बांधायच्या लोखंडी कड्या बघायचो. ती चर्चमध्ये जायची, दारं बघायची. पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर कोरलेली दिसली की तिथं पाठ टेकून उभी राहायची.

"अठराशे छप्पनच्या पुरात मी इथं बुडाले असते," ती म्हणायची.

"तू स्टुलावर उभी राहून पण बुडाली असतीस," मी म्हणायचो. ती बुटकी होती.

सेंत-ओब्रें दहावं. मी म्हटलं, मी आपल्या होडीनं प्रवाहाबरोबर खाली येतो, तू आँजेहून बसनं ये.

"म्हणजे गाडी घेऊन मला न्यायला येणार नाहीस?"

"होडीला नवीन डांबर लावलंय. बघायचं आहे मला."

"तुला माझ्यापेक्षा ती होडी प्यारी आहे, म्हाताऱ्या."

"ती निदान बडबड करत नाही."

तिनं विषयच तोडला. मग म्हणाली, "कुठं भेटायचं?"

"डाव्या काठावर, धक्क्याजवळ कॅफे आहे तिथं. अकराला. आणि उशीर करू नकोस."

एवढंच बोललो. पत्ता सांगायला आमच्याकडे एवढं पुरतं.

मी अकराला पोचलो. बारा वाजले, एक वाजला. दोन वाजता मी मोठ्यानं शिव्या देत होतो. तीनला एक पोलीस, आमच्या मुलीला फोनवर विचारून, धक्क्यावर आला आणि त्यानं माझं नाव विचारलं. ह्युगेत पलीकडच्या काठावर, पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सापडली होती. त्या रस्त्यावर पुलाच्या आधी रेल्वे स्टेशन लागतं. मी हिशोब केला. बसमधून उतरली, राग आला, गाडी पकडून घरी निघाली.

परवा मुलीनं ह्युगेतची पर्स मला आणून दिली. वर्षभर तिच्याच कपाटात होती. "बाबा, माझ्याच्यानं उघडवत नाही," म्हणाली. आत रुमाल, चष्मा, आणि साखरेचे दोन खडे, कागदात गुंडाळलेले. ह्युगेत कॉफीत साखर घालायची नाही. कॅफेतली साखर पर्समध्ये टाकायची आणि घरी डब्यात ठेवायची. कागदावर कॅफेचं नाव छापलेलं असतं, म्हणून. या कागदांवर होतं, 'बंदरावरचा कॅफे, सेंत-ओब्रें, उजवा काठ.'

म्हणजे ती उतरून लगेच निघाली नव्हती. बसली होती. मग का उठली? काय म्हणाली? रागात होती का? तिला बघितलेलं माणूस अजून तिथं असेल तर विचारावं, म्हणून काल मी गेलो.

सेंत-ओब्रें दोन्ही काठांवर वसलंय. मधे बेट आहे, वाळुंजाच्या झाडांनी भरलेलं, त्यामुळं एका काठावरून दुसरा दिसत नाही. उजव्या काठावरचा कॅफे लहानसा. आत मालकीणबाई, मादाम फेर्नांद, ग्लास पुसत होत्या. कोपऱ्यात गास्तों नावाचा एक म्हातारा कोळी एकटाच पत्ते मांडून बसला होता. मी वाइन मागितली आणि विचारलं, गेल्या ऑगस्टमध्ये इथं एक बुटकी बाई आली होती, पांढरी टोपी घातलेली, आठवते का?

"साखर पळवणारी?" फेर्नांदबाई हसल्या. "अहो, विसरेन कशी! त्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी महिनाभर मुलाकडे गेले, सुट्टीवर. माझं शेवटचं गिऱ्हाईक ती. तुम्ही कोण तिचे?"

"नवरा."

"म्हणजे ते होडीवाले तुम्ही!" त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "गास्तों, ऐकलंस का? होडीवाले हेच!"

गास्तोंनं मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला.

"दीड तास बसली होती बिचारी," फेर्नांदबाई सांगू लागल्या. "सारखी नदीकडे बघायची. शेवटी मी विचारलं, कोणाची वाट बघताय? म्हणाली, नवऱ्याची, होडीनं येतोय, डाव्या काठावरच्या कॅफेत यायला सांगितलंय. मी म्हटलं, अहो बाई, हा उजवा काठ! ती म्हणाली, छे, मी बसमधून येताना नीट बघितलं, आम्ही डाव्या बाजूलाच होतो."

मी ग्लास खाली ठेवला. आँजेहून बस येते ती प्रवाहाच्या उलट, वर. तिनं बसच्या तोंडाकडून डावं-उजवं धरलं होतं. नदी वाहते तिकडे तोंड करायचं आणि मग डावं-उजवं ठरवायचं, हे आमच्याकडे पोरांना अक्षरओळखीच्या आधी कळतं. ह्युगेत बोसची, गव्हाच्या सपाट मुलखातली. तिच्या गावात ओढासुद्धा नव्हता. एकेचाळीस वर्षं मी तिला यावरून हसत आलो. एकदा नीट उभं करून समजावलं मात्र नाही.

"आम्ही पण काय हसलो!" फेर्नांदबाई म्हणाल्या. "हा गास्तों तर म्हणाला, बाई, तुमच्या गावात नदी उलटी वाहते का? ती पण हसली. मग एकदम घाबरीघुबरी झाली. पूल किती लांब, म्हणून विचारलं. म्हटलं, साडेतीन किलोमीटर. ऊन आहे, बसा, चारच्या बसनं जा. ऐकेचना. म्हणाली, नाही नाही, त्याला वाट बघणं अजिबात आवडत नाही. आणि निघालीच, भराभर."

मी खिडकीतून पुलाकडे जाणारा रस्ता बघितला.

"मी दारात उभी राहून ओरडले सुद्धा, सावलीतून जा! तिनं मागं न बघता हात हलवला." फेर्नांदबाई माझ्याकडे वाकल्या. "मग? भेटलात ना? सुट्टीभर माझ्या डोक्यात तेच. इतक्या उन्हात मी तिला रस्ता दाखवला."

गास्तोंच्या हातातला पत्ता हातातच राहिला होता. त्याला माहीत होतं. फेर्नांदबाई सुट्टीवर होत्या तेव्हा हा इथंच होता, आणि वर्षभर त्यानं त्यांना सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे नुसता बघत होता.

"भेटलो," मी म्हटलं.

"रागावलात?"

"नाही."

"खरं सांगा हं! बायका घाबरतात ते उगाच नाही."

"थोडा रागावलो होतो. ती यायच्या आधी."

"आल्यावर गेला ना राग?"

"गेला."

"मग झालं तर." त्यांनी माझा ग्लास पुन्हा भरला. "पुढच्या खेपेला घेऊन या तिला. सांगा, फेर्नांदनं साखर राखून ठेवलीय."

"सांगतो," मी म्हटलं.

मी बाहेर पडलो तसा गास्तों काठी टेकत मागून आला. "मस्यू," तो म्हणाला, "ते नदी उलटी वाहण्याचं... मी गंमत केली होती."

"मीही तीच करायचो."

आम्ही दोघं पुलाच्या रस्त्यानं चालू लागलो. सावली कुठंच नव्हती. इतके दिवस ती मला सोडून चालली होती असं वाटायचं, तेव्हा निदान तिच्यावर चिडता तरी यायचं. जिथं ती पडली तिथं पोचायला गास्तोंला आणि मला तासभर लागला. तिथून पूल दिसत होता.