दोघी बहिणी आणि कोर्टावरचा जार

मित्रांनो, माझा निळा रंग आता विटला आहे. तोटी घट्ट बंद केली तरी थोडी गळतेच. पण उन्हाळ्यात टेनिस कोर्टावर सगळे आधी माझ्याकडेच धावत येतात, कारण मी कोर्टाच्या कडेला बसणारा पाण्याचा जुना जार आहे.

कारखान्यात मला दुहेरी भिंती मिळाल्या, म्हणून माझ्या पोटातले पाणी भर उन्हातही गार राहते. एका बसचालकाने मला विकत घेतले. त्याच्या दोन्ही मुली टेनिस खेळत. सकाळी आई मला विसळून भरायची आणि बाबा मला स्कूटरवर दोन पायांमध्ये धरून कोर्टावर न्यायचे.

धाकटी घटाघटा प्यायची, अर्धे अंगावर सांडायची. थोरलीचे मात्र माझ्याशी वाकडेच. खेळताना पाणी प्यायले की पोट जड होते, असे तिने मनाशी पक्के केले होते. आई सांगून थकली, पण पालथ्या घड्यावर पाणी!

एका उन्हाळ्यात अंतिम सामना या दोघी बहिणींमध्येच झाला. कोर्ट तव्यासारखे तापले होते. धाकटीने ताईला आजवर कधीच हरवले नव्हते, आणि त्या दिवशी तिला जिंकायला एकच गेम हवा होता. विश्रांतीला धाकटी माझ्याजवळ येऊन प्यायची; थोरली नुसता चेहरा पुसून पाठ फिरवायची.

मग थोरली सर्व्हिस करायला भलत्याच बाजूला उभी राहिली. पंचांनी सांगितल्यावर तिने गुण किती झाले ते विचारले, आणि लगेच पुन्हा तेच विचारले. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. धाकटीने रॅकेट खाली ठेवली आणि ती धावत पलीकडे गेली.

"ताई, खाली बस."

"मी ठीक आहे. तू खेळ," थोरली अडखळत म्हणाली.

"मॅच गेली खड्ड्यात. तू बस."

बाबांनी थोरलीला उचलून सावलीत आणले. माझी तोटी उघडून तिच्या डोक्यावर, मानेवर पाणी ओतले, ओले टॉवेल गुंडाळले. ती नीट बोलू लागल्यावर धाकटीने तिला घोट घोट पाणी पाजले. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतले असते, असे नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले.

पंचांनी धाकटीला विजयी ठरवले. घरी आल्यावर तिने ताईला बजावले, "ही मॅच मी धरत नाही. पुढच्या वर्षी पाणी पीत खेळ, मग बघते तुझ्याकडे."

पुढच्या वर्षी थोरली प्रत्येक विश्रांतीला माझ्याकडे आली, आणि जिंकली. धाकटी हिरमुसून बसली, तेव्हा थोरलीने पहिला पेला भरून तिच्याच हातात दिला.

पुढे दोघी कामाला लागल्या आणि मी कोर्टावरच्या खोलीत टेनिसच्या फाटक्या जाळ्यांखाली अडगळीत पडलो. पोटात कोळ्यांनी घरे केली. अखेर थोरली प्रशिक्षक होऊन परत आली, आणि तिने मला आतून बाहेरून घासून काढले.

मित्रांनो, मी वर्षानुवर्षे कोरडा राहिलो तरी चालते. शरीराचे तसे नाही; उन्हात ते फार काळ वाट पाहत नाही. म्हणून तहान लागण्याआधीच पाणी प्या. मला रोज धुऊन ताज्या पाण्याने भरा. आणि एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला, तर तो जाळीच्या पलीकडचा असला तरी आधी त्याला पाणी द्या. गुण मागाहून मोजता येतात.