दादाच्या पुस्तकांचे शेवट

ताईला फसवणं सोपं नाही, असं निदान ताईचं तरी मत होतं. टोमॅटो घेताना ती एकेक उलटून बघे, कापड उजेडात धरून बघे, आणि दुकानदार वैतागला की आपण बरोबर चाललोय याची तिला खात्री पटे. त्यामुळे बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयासाठी घाऊक पेन ड्राइव्ह घ्यायची वेळ आली, तेव्हा ते काम तिनं दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही.

ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, मधल्या भिंतीत एक काच. काचेच्या आत बसून तिचा थोरला भाऊ पुस्तकं वाचायचा आणि बाहेर बसून ताई ती ध्वनिमुद्रित करायची. ज्यांना दिसत नाही अशा माणसांना ती पेन ड्राइव्हवर पोस्टानं जात. ऐकून झालं की ड्राइव्ह परत येई, ताई तो पुसून त्यावर दुसरं पुस्तक भरी. पुस्तक कुठलंही पाठवा, पण वाचणारे तेच असू द्या, असं लोक कळवत. एकदा ताईलाही वाचायची हौस आली होती. दादानं जेमतेम एक पान ऐकलं आणि म्हणाला, "तुझा आवाज जेवायला हाक मारायला चांगला आहे." ती तेव्हा सगळ्यांबरोबर हसली. मनात मात्र ते वाक्य कायमचं रुतून बसलं.

मग दादाच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांना स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला. तेव्हापासून तो पाटीवर लिहून बोलतो, आणि तेही हात आखडता घेऊनच. त्याचा आवाज उरला तो ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता की सुरू करताना ताई श्वास रोखून उभी राही.

म्हणून तिनं ठरवलं, एका पुस्तकाला एक ड्राइव्ह, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या कपाटांत. एक जळालं तरी दुसरं राहील. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं तिला आधीच सांगितलं होतं, की घाऊक घेण्याआधी दोन नमुने आणा, ते गच्च भरा, आणि भरलेलं शेवटपर्यंत वाजवून बघा. ताईला वाटलं, याला स्वतःचा माल खपवायचाय. ती दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेली, पाऊण तास घासाघीस केली, त्यानं ड्राइव्ह लावून पडद्यावर आकडा दाखवला, तिनं एक गाणं भरून वाजवून बघितलं. गाणं छान वाजलं. त्याच ड्राइव्हची खोकी तिनं दोन्ही कपाटांसाठी आणि वाचकांसाठीही घेतली. सगळं उतरवून झाल्यावर यादीत प्रत्येक प्रकरणाचं नाव नीट दिसलं, तेव्हा जुना कॉम्प्युटर पुसून तिनं भंगारात दिला. घरी जाताना ती स्वतःवर भलतीच खूश होती.

पहिला फोन आला तो एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंचा. त्या बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग चाचरत विचारलं, "ती मुलगी दार उघडते, तिथंच संपतं का हो पुस्तक? पुढे काहीच ऐकू येत नाही. म्हटलं, हल्लीच्या लेखकांचं काही सांगता येत नाही."

त्या पुस्तकातली मुलगी दार उघडते तेव्हा निम्मं पुस्तक शिल्लक असतं, हे ताईला पाठ होतं. तिनं कपाटातली प्रत लावली. दार उघडलं, आणि पुढे शांतता. दुसऱ्या कपाटातली लावली. तिथंही तेच. मग तिनं एकामागून एक ड्राइव्ह लावायचा सपाटा लावला. सगळ्या पुस्तकांची सुरुवात होती. शेवट एकाचाही नव्हता.

दुरुस्तीवाल्यानं ड्राइव्ह तपासले, आणि मी सांगितलं होतं असं एकदाही म्हणाला नाही, हे तिला जास्त लागलं. तो म्हणाला, यात जागा आहे थोडीशी, पण कॉम्प्युटरला हा ती खोटीच मोठी सांगतो. जागा संपली तरी हा घेतलं, घेतलं म्हणत राहतो आणि पुढचं सगळं वाऱ्यावर सोडतो. नावांची यादी सुरुवातीलाच लिहिलेली असते, म्हणून ती शाबूत. गेलेलं परत काढता येईल का, असं तिनं विचारलं. "ताई," तो म्हणाला, "ते यात कधी आलंच नव्हतं."

भंगारवाल्यानं तो कॉम्प्युटर केव्हाच मोडून विकला होता. मग तिनं ऐकणाऱ्यांना फोन लावले. कुणी जुनी प्रत उतरवून ठेवलीय का? कुणीच ठेवली नव्हती. नियम होता ना, परत करायचं. लोकांचा प्रामाणिकपणाच नडला. अर्धवट पुस्तकं तर बऱ्याच जणांना गेली होती, पण फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार कशी करायची म्हणून सगळे गप्प बसले होते. एकानं तर आपलं यंत्र बिघडलं समजून नवं घेतलं होतं. ताईला तोंड लपवावंसं वाटलं.

दादाला सांगणं ती चार दिवस टाळत राहिली. शेवटी त्यालाच ग्रंथालयात बोलावलं, समोर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. व्यापाऱ्याला दोष द्यायचं तिनं घोकून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं, "तुझा आवाज मी घालवला, दादा."

त्यानं हेडफोन मागितला. स्वतःचं वाचन त्यानं कधी ऐकलं नव्हतं, त्याला ते सहन होत नसे. आज त्यानं ते दारापर्यंत ऐकलं, आणि पुढची शांतताही बराच वेळ ऐकत बसला. रागावला असता तर ताईला बरं वाटलं असतं. मग त्यानं पाटी ओढली. 'पुढचं तू वाच.'

"माझा आवाज तसा नाही," ताई म्हणाली.

त्यानं पुसून लिहिलं, 'माहीत आहे.'

ती काचेच्या आत जाऊन बसली. तिनं पुस्तक उघडलं. बाहेर, तिच्या रोजच्या खुर्चीवर, दादानं बटण दाबलं. मुलगी दार उघडते त्या वाक्यापासून तिनं सुरुवात केली आणि वाक्य संपायच्या आत त्यानं हात वर केला. पुन्हा. पुन्हा हात वर. तिला रडू येत होतं आणि त्याचा जुना रागही येत होता. तिसऱ्यांदा हात वर आला नाही. पान उलटताना तिनं काचेतून चोरून बघितलं. दादाची मान खाली होती, समोर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत होती, आणि त्याचे ओठ हलत होते. तो पूर्वीसारखाच सावकाश वाचत होता, आणि ती दोन ओळी पुढे निघून गेली होती.

ताई थांबली. दोन ओळी मागे आली, आणि त्याच्या ओठांकडे बघत बघत, त्याच्या चालीनं वाचू लागली.