भर वैशाखातली बदली

आमच्या म्हाताऱ्याला शानपन शिकवावं तर ते ब्रह्मदेवानंच. उभी हयात मिलच्या माग खात्यात काढली, एका टायमाला दोन-दोन माग चालवले, त्या खडखडाटात निम्मे कान घालवले, आन् रिटायर हून घरी आले ते एवढी अक्कल घिऊन की गल्लीला वाटली तरी उरंल.

त्या वरसाचा वैशाख काय सांगू बाई! दुष्काळ सरून दोन-तीन वरसं झालती, नळाला पानी येत व्हतं, तेवढंच काय ते सुख. बाकी भाकऱ्या थापून हुस्तवर पत्रा तडतड वाजाय लागायचा. पत्र्याची खोली आमची, एक दार, एक खिडकी. वर पाचट टाकलं व्हतं, ते वावटळीनं उडवून नेलं. आमच्या सोलापूरचं ऊन म्हंजे कावळं सुदीक दुपारी तोंड उगडत न्हाईत. आठवड्यात गल्लीतली दोन म्हातारी मानसं उन्हानं गेली, तवापास्नं माझा जीव टांगनीला. पोरगी अक्कलकोटला दिलेली, पोरगा पुन्याला. घरात आमी दोघंच, आन् हे सत्तरीला टेकलेले. ऊन लागून ह्यांचं काय बरंवाईट झालं तर, ही एकच धास्ती. पन्हं करत व्हते, ताक करत व्हते, टोपीखाली कांदा ठिवत व्हते. आन् हे? टोपीखालचा कांदा काडून भाकरीसंगं खाऊन मोकळे.

त्या दिवशी उठले ते हुकूम सोडतच. "खिडकी लाव. बारदान कुटं हाय?"

"कशाला?"

"कशाला म्हंजे? गरम वारं आत येतंय की."

मंग बारदान भिजवून खिडकीत गच्च कोंबलं, भिंतींवर पानी मारलं, फरशीवर घागर वतली. मी कपाळाला हात लावला. म्हनलं, "अवो, आत काय भात शिजवायचाय का? खिडकी उगडी ठिवून बारदान टांगा, वारं गार हून येतंय. सगळंच बंद केल्यावर वाफ कुटनं जाईल?"

"तुला काय कळतंय? माग खात्यात भर उन्हाळ्यात एक खिडकी उगडी नसती. वरनं पान्याचा फवारा, खाली वली जमीन. एवढी मानसं काम करत्यात, मेलं का कुनी?"

मिलमधलं ते पानी मानसांसाठी नसतंय, सुतासाठी असतंय. सूत कोरडं पडलं की तटातट तुटतंय, म्हनून खिडक्या लावत्यात. मानूस तुटला तर काय, बदली मिळतोय. बदली म्हंजे रोजावरचा गडी, कायमचा मानूस हटला की त्याच्या मागावर उभा राहनारा. हे सगळं मला ह्यांनीच सांगितलेलं, जेवता जेवता, धा बारी. पर सोता सांगितलेलं सोताच्या डोसक्यात शिरंल तर ते आमचे हे कसले! पालथ्या घड्यावर पानी.

समोर वच्छलाच्या अंगनात, लिंबाखाली कुरडयांचा घाट घातला व्हता. वच्छला म्हंजे रेवणसिद्धची बायकू. रेवणसिद्धबी मिलचाच, ह्यांच्या मागनं रिटायर झालेला. मी म्हनलं, "चला की, लिंबाखाली बसा. रेवणसिद्ध हाय बोलायला."

"बायकांच्या कुरडयांत मी काय करू?"

"मंग दार तरी उगडं ठिवा."

"बघू."

ह्यांचं 'बघू' म्हंजे न्हाय. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय म्हनत्यात ते उगं न्हवं. गेले मी तनतनत.

चीक शिजला, कुरडया पडाय लागल्या, पर माझं ध्यान सगळं आमच्या दाराकडं. ऊन डोईवर आलं तसं मला बसवंना. वच्छलानं वाटीत गरम चीक दिला, म्हनाली, "दादांला द्या, साकर घातलीया." वाटी घिऊन आले तर दाराला आतनं कडी.

"अवो! कडी काडा!" दार बडवलं. निम्मे कान गेलेल्या मानसाला दाराभाईरचं काय ऐकू येनार, डोंबल! फटीला डोळा लावला तर आत नुसता अंधार. मंग मात्र मी आशी वराडले की रेवणसिद्ध पळतच आला. "अय्यो, काय झालं सोनक्का?" त्यानं दाराला खांदा दिला, परत दिला, आन् कडी निखळली.

भाताच्या पातेल्यावरचं झाकन काडावं तशी वाफ तोंडावर आली. आत हे उभे. कपडे वाळत घालायच्या दोरीम्होरं उभं राहून दोनी हातांनी हवेत गाठी मारत व्हते. तोंड लालबुंद, डोळे उगडे, पर बघत व्हते भलतीकडंच. अंगाला हात लावून बघितला. तव्यावानी अंग, आन् घामाचा टिपूस न्हाय.

"अवो, काय करताय?"

"मागाची तार तुटली," म्हनाले. "सारखी तुटतीया आज. कांडीवरचं सूतबी संपाय आलं."

रेवणसिद्ध नुसता बघत राहिला. मी म्हनलं, "बघतोस काय, डाक्तरला आन! सायकल काड!" तसा तो पळाला. मी बारदान उपसून फेकून दिलं, खिडकी सताड उगडली. वच्छला आली, दोघींनी धरून ह्यांला खाटंवर बसवलं. थंडीत पांघरायची मिलची चादर माठातल्या पान्यात बुडवून अंगाभवती गुंडाळली. वच्छला सुपानं वारा घालाय लागली, मी तळपायांला कांदा चोळाय लागले. पर पोटात पानी जायाला पायजे का नको? तांब्या तोंडाला लावला की हातानं ढकलत व्हते.

"प्या की वो."

"माग चालू हाय."

"प्या म्हंते न्हवं!"

"चालता माग सोडून येऊ कसा? कापड खराब झालं तर जाबर जीव घील." जाबर म्हंजे त्यांच्या खात्यावरचा मुकादम. मरून वरसं झाली त्याला.

पन्हं आनलं, तेबी सांडून दिलं. मी हात जोडले. "अवो, सुटली मिल, झाला भोंगा, कसला माग न् कसला जाबर!" ऐकतंय कोन? हात आपले चाललेत, तार वड, गाठ मार. व्हट कोरडे पडून चिरले व्हते. मला रडूबी येत व्हतं आन् रागबी येत व्हता, आन् मेला मानूस माझ्याकडं बघतबी नव्हता. वच्छला हळूच म्हनाली, "सोनक्का, त्यास्नी आपन दिसतच न्हाय. मिल दिसतीया त्यास्नी."

तवा माझ्या डोसक्यात उजेड पडला. मिल दिसतीया ना? मंग मिलमधी मागवाला पानी प्यायला जातो कवा? बदली आल्यावर! चालत्या मागापाशी कुनी न्हाय, आसं तितं चालत न्हाय. बदली मागनं येतो, खांद्यावर हात ठिवतो, खडखडाटात ऐकू जावं म्हनून कानात नावानं वराडतो, आन् माग आपल्या हातात घेतो. मंगच पयला मानूस हालतो. मी सकाळपास्नं 'अवो, अवो' करतीया. मिलमधी कोन अवो म्हनतंय? अवो म्हंजे घर, आन् हे घरात नव्हतेच.

पर नावानं! आता आली का पंचाईत! लगीन झालं तवापास्नं ह्यांचं नाव माझ्या तोंडात आलं ते उखान्यातच, तेबी मान खाली घालून. रेशनच्या दुकानात कारकुनानं नाव इचारलं तर मी शेजारनीला सांगाय लावायची. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी हुतंय, आसं सासूनं बजावलेलं. आन् हितं आयुष्य डोळ्यादेखत चाललं व्हतं. म्हनलं, चुलीत जाऊ दे ती रीत.

पदर खोचला. ह्यांच्या मागं जाऊन उभी राहिले, खांद्यावर हात दाबून ठिवला, कानाला तोंड लावलं आन् बाप्याचा आवाज काडून वराडले, "ए धोंडीराम! सोड माग! बदली आलोय!"

वच्छलाच्या हातातलं सूप खाली पडलं.

आन् ह्यांचे हात थांबले. आयुष्यात पयल्यांदा माझं ऐकलं!

"कोन? येडू का?"

"व्हय, येडू." कोन येडू ते मला काय ठावं! "जा, पानी पिऊन ये."

"डाव्या मागाची तार कच्ची हाय. ध्यान ठिव."

"ठिवतो की. दे हिकडं." त्यांच्या हातात नसलेली ती तार मी बोटांनी हळूच काडून घेतली. बोटं सैल सोडली त्यांनी. मंग तांब्या म्होरं केला, आन् घेतला की वो! पयला घोट घेतला, जरा थांबले, मंग घटाघटा प्याय लागले. पानी गळ्यावरनं छातीवर सांडत व्हतं. "दमानं, गड्या, दमानं," मी म्हनत व्हते आन् माझ्या डोळ्यांला धार लागलेली.

तांब्या रिकामा केला आन् उठाय लागले. मी खांदा दाबून धरला. "आता कुटं निगाला?"

"घरी. आज भोंग्याची वाट बघत न्हाय मी. सांग जाबरला." मंग येडूच्या कानात सांगावं तसं माझ्या कानात सांगाय लागले. "सोना एकलीच हाय घरात. पत्र्याची खोली. तिला ऊन सोसत न्हाय, येडू, पर बोलून दावत न्हाय ती. खिडकी बंद करून आलोय, पानीबी मारून आलोय तिच्यापायी. तरी जीवाला चैन न्हाय. बघून येतो."

सोना! ह्या घरात आल्यापास्नं मी 'अगं' हाय, 'ए' हाय, पोरगं झाल्यावर पोराची आई हाय. ह्यांच्या तोंडनं 'सोना' कवा ऐकलं नव्हतं मी. म्हंजे माझ्या माघारी, त्या मागांच्या गोंधळात, गड्यांसंगं बोलताना मी सोना व्हते तर. आन् ते बारदान, ती वतलेली घागर, सगळा तो येडेपना माझ्यासाठी चालला व्हता! पर बोलनार काय? मी येडू व्हते न्हवं. आवाज बाप्याचाच ठिवला.

"ती बरी हाय," म्हनलं. "लिंबाखाली बसलीया वच्छलाकडं. आत्ताच बघून आलोय."

"बरी हाय?"

"लई बरी हाय. तू पड जरा."

"मंग ठीक," म्हनाले आन् लहान पोरावानी आडवे झाले.

वच्छला तोंडाला पदर लावून रडत व्हती. मी सूप उचलून वारा घालत राहिले, मदनं मदनं चमच्यानं पन्हं पाजत राहिले. आता प्यायला ना न्हवती. जरा येळानं कपाळ वलं दिसलं. वाटलं चादरीचं पानी असंल. पुसलं, परत आलं. बोट लावून जिभंवर टेकवलं तर खारट!

"वच्छे, घाम आला गं! घाम आला!" कुनाला सोनं सापडून एवढा आनंद झाला नसंल.

रेवणसिद्ध डाक्तरला डबलसीट घिऊन आला. डाक्तरनं नाडी बघितली, डोळे बघितले, इंजेक्शन दिलं. मंग ह्यांच्या कानाशी वाकून इचारलं, "आजोबा, नाव काय तुमचं?"

"धोंडीराम." बारीक आवाजात, पर सरळ.

"आणि आत्ता कुठे आहात?"

हे जरा रागानंच म्हनाले, "माझ्या घरात हाय की. आनि कुटं असनार?"

डाक्तर हसला. मला म्हनाला, "आजी, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. भिजवलंत, पाणी पाजलंत, चांगलं केलंत. आता भीती नाही." भीती न्हाय म्हनल्यावर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

ऊन कललं तशी गल्ली जागी झाली. वच्छलाच्या पोटात काय राहतंय? सोनक्कानं नवऱ्याला एकेरी हाक मारली, ही बातमी नळापतूर पोचली. बाया दारात येऊन डोकवायच्या, तोंडाला पदर लावून हसायच्या. मीबी हसत व्हते. हसू दे की. कुंकू लावून हसत व्हते मी, आनि काय पायजे?

सगळ्या गेल्यावर ह्यांनी डोळे उगडले. खिडकीतनं वारं येत व्हतं, गरमच, पर वारं. माझ्याकडं वळून म्हनाले,

"रेवणसिद्ध म्हनत व्हता, तू माझं नाव घेतलंस."

"घेतलं."

"एवढ्या मानसांत?"

"सबंद गल्लीला ऐकू गेलं. आता काय करायचंय ते करा."

मला वाटलं चिडत्यात, रीतभात काडत्यात. येडूचं, घरी जायाचं, त्यांला काय आठवत व्हतं का न्हाय द्येव जाने, मी इचारलं न्हाय. ते उगं गालातल्या गालात हसले, आन् मंग, चांगले शुद्धीवर, माझ्या डोळ्यांत बघून म्हनाले, "सोना, पानी दे."

मी तांब्या भरून दिला. सगळा प्याले.