परत आणून बघा

चिकटपट्टीचा तुकडा त्या काळ्या डबीच्या पाठीवर अजून होता – कडा सुटून वर आलेल्या, त्यांना धूळ आणि छोटीच्या खडूचा गुलाबी भुगा चिकटलेला, आणि मधोमध जाड पेनाने लिहिलेले तीन शब्द : परत आणून बघा. दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीवाल्याने ही पत्त्यांच्या कॅटएवढी साठवणीची डबी घरच्या कॉम्प्युटरला जोडून दिली होती, चष्मा कपाळावर सरकवला होता आणि पट्टी स्वतःच्या हाताने चिकटवली होती. "ताई, बॅकअप घेतला म्हणजे काम संपलं असं नाही. महिन्यातून एकदा एखादी फाइल डबीतून परत आणायची, उघडून बघायची. हिरवी खूण दिसली की लोक निवांत झोपतात." तेव्हा सात महिन्यांची छोटी तिच्या कडेवर होती आणि झोप हा शब्दच तिला थट्टेसारखा वाटला होता. "झोपू द्या हो लोकांना," ती म्हणाली होती, "तुमचं काय, घाबरवलं की झालं." तोही हसला होता. पट्टी मात्र त्याने काढली नव्हती.

आता छोटी पलंगावर पालथी झोपली आहे, दुपारचं ऊन पडद्यातून तिच्या पोटऱ्यांवर आलं आहे – ती स्वतः दर पाच मिनिटांनी कॉम्प्युटरसमोरून उठून छोटीच्या पाठीवर हात ठेवून येते, श्वास चाललाय ना… चाललाय – आणि पुन्हा येऊन स्क्रीनसमोर बसते. स्क्रीनवर तीन खिडक्या. तीन प्रोग्रॅम, तिन्ही स्वतःला विश्वासू म्हणवणारे. "तूच निवड बाई," नवरा सकाळी बूट चढवता चढवता म्हणाला होता, "काळजी करण्यात तुझा हात कोण धरणार?" थट्टाच ती. पण धडा तिला पुरेपूर मिळाला होता. मागच्या आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा ती घाबरली नव्हती. डबी होती ना. रोज संध्याकाळी सात वाजता कोपऱ्यात हिरवी खूण उमटत होती, दोन वर्षं, एकही दिवस न चुकता. दुरुस्तीवाल्याने कायमची गेलेली डिस्क काढून नवी बसवली, डबी जोडली, आणि 'आईच्या गोष्टी' नावाचा फोल्डर उघडला. एकेचाळीस नावं. तारखा बिनचूक. त्याने पहिल्या नावावर टिचकी मारली… काही नाही. दुसऱ्या. तिसऱ्या. मग चष्मा पुन्हा कपाळावर. "नावं आलीत ताई. आतलं नाही आलं. हा प्रोग्रॅम नुसती यादीच उतरवत होता रोज." पट्टीकडे त्याने पाहिलं नाही, ही त्याची मोठी माणुसकी.

छोटी पोटात असताना डॉक्टरांनी दोन महिने अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं, तेव्हा आई येऊन राहिली होती. पायाशी बसून मोजे विणायची आणि गोष्टी सांगायची – हिच्याच लहानपणीच्या, दुसऱ्या कुणाच्या नाहीत – आणि ही रेकॉर्ड करायची. पुन्हा ऐकल्या का कधी? नाही. आहेत ना, म्हणून नाही. साठवलेलं ऐकायला कुणाला सवड असते… मला नव्हती. मी रोज आईला फोन करत होते, ते पुरेसं वाटत होतं. पाच मिनिटं, भाजी चिरता चिरता. बरी आहेस ना? बरी आहे. औषध घेतलंस? घेतलं. ठेवते.

पहिला प्रोग्रॅम तासातासाला बॅकअप घेतो. दुसरा म्हणतो, तुम्ही खोडलेली गोष्ट आम्ही तीस दिवस जपतो. तीसच का? एकतिसाव्या दिवशी कुणाला आठवलं तर? तिसरा जुनी रूपंही ठेवतो, प्रत्येक बदलाआधीचं, हवं तेवढं मागे जा. तिने तिसरा उतरवून घेतला. मग एक फाइल उघडून तिच्यात 'काळे हात' एवढंच लिहिलं, बॅकअप घेतला, फाइल खोडली, आणि श्वास रोखून परत मागितली. आली. उघडली. काळे हात. तिला एवढा आनंद झाला की तिचा तिलाच संशय आला.

गोष्टी आईकडून पुन्हा सांगून घ्यायच्या, बस. त्यात काय! तिने आईला फोन लावून तो टेबलावर मांडला, आवाज मोठा केला, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"मी बरी आहे," आई म्हणाली. विचारण्याआधीच.

"ते असू दे. आई, ती काळ्या हातांची गोष्ट सांग ना."

"कुठली ग?"

"मी तुझ्या ऑफिसात आले होते ती."

"हां, ती होय!" आईचा आवाज खुर्चीत नीट सावरून बसला. "तुला सांभाळणाऱ्या बाई आजारी पडल्या, मग नेलं तुला ऑफिसात. टेबलाखाली बसवलं आणि म्हटलं, हलायचं नाही. तू कसली ऐकतेस! मी जरा फाइल द्यायला गेले, तेवढ्यात तू टाइपरायटरची रिबन सगळीच्या सगळी ओढून काढलीस. हात काळे, तोंड काळं, आणि साहेबांच्या सहीला ठेवलेल्या पत्रावर तुझ्या दहाच्या दहा बोटांचे ठसे. आणि दारात साहेब उभे. मी म्हटलं, साहेब, नवीन टायपिस्ट आहे, हात बसायचाय अजून."

आणि आई हसली. ती नेहमी इथेच हसायची – साहेबांचं उत्तर सांगण्याआधी, ते उत्तर जिभेवर घोळवत. ही पण हसली, पुढच्या वाक्याची वाट बघत.

"आणि साहेब म्हणाले…"

हसू थोडं पुढे गेलं आणि थांबलं. फोनमधून नळाचा थेंब ऐकू आला. एक. आणखी एक.

"काय ग म्हणाले साहेब?"

"तू सांग ना, आई."

"अगं, तुला ठाऊक आहे. कितीदा सांगितलंय मी." आवाजात किंचित चीड आली, मग चीडही विझली. "तुझ्याकडे आहे ते."

तिने आत शोधलं. आईचं हसू होतं, मोज्यांची लोकर होती, लोकरीचा पिवळा रंग होता… वाक्य नव्हतं. ते जपायचं काम आपलं आहे, हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. की सांगितलं होतं?

"असू दे," आई म्हणाली. "उद्या विचार, आठवेल. मी बरी आहे. जेवलीस का तू?"

"जेवले," ती म्हणाली. जेवली नव्हती.

सात वाजता हिरवी खूण उमटली. तिने विश्वास ठेवला नाही. दुपारच्या फोनची फाइल खोडली, परत आणली, उघडली. सगळं जागच्या जागी होतं – हसू, नळाचे दोन थेंब, आणि आईचा प्रश्न. प्रोग्रॅम खरंच चांगला होता.

छोटी येऊन मांडीवर चढली, तिने ती काळी डबी हातात घेतली आणि पट्टीचं सुटलेलं टोक नखाने उचकटू लागली. "नको ग," तिने छोटीला म्हटलं आणि पट्टी अंगठ्याने घट्ट दाबून बसवली.

तुमचंही कुणी असेलच – रोज फोनवर बरी आहे म्हणणारं. आज त्यांना फोन करा. कशी आहेस, असं विचारू नका. त्याचं उत्तर तयारच असतं. एखादी जुनी गोष्ट मागा, जिचा शेवट तुम्हाला ठाऊक आहे… आणि मध्ये बोलू नका, शेवटपर्यंत थांबा. तुम्हाला तो ठाऊक आहे, तोवरच हे करा.