कमी तापणारा लेप

थोरलीच्या कारखान्यात भिंतीवरच्या खिळ्याला वेगवेगळे लेप दिलेल्या पत्र्याच्या चार पट्ट्या टांगलेल्या असायच्या. मोटरसायकलच्या सायलेन्सरला कुठला लेप हवा, ते गिऱ्हाईक त्या पट्ट्या हाताळून ठरवायचं. कारखाना म्हणजे खरं तर एक लांबट खोली आणि मागे भट्टी. बारा वर्षं ती हेच काम करत होती. वाळूच्या माऱ्याने जुना रंग उडवायचा, तेलाचा थेंबही राहणार नाही अशी नळी धुवायची, लेप मारायचा आणि भट्टीत भाजून पक्का करायचा. तिच्या बोटांवर, मनगटांवर भाजल्याचे बारीक डाग होते. ते कधी पडले, हे तिलाही सांगता आलं नसतं.

त्या शनिवारी सकाळी धाकटीचा नवरा गाडी घेऊन आला. मागे धाकटी बसलेली. लग्नाआधीपासून तो थोरलीचं गिऱ्हाईक. बोलायला गोड, वेळेचा पक्का. तिनेच बहिणीशी त्याची ओळख करून दिली होती आणि चार वर्षं त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

"ताई, गंज धरलाय बघा," तो म्हणाला. "असा चकचकीत काळा करून द्या, की लोकांनी वळून बघावं." आणि त्याने सगळ्यात तुकतुकीत पट्टी उचलली.

"तो पावडरचा लेप आहे. चाकाला, हँडलला ठीक. सायलेन्सरवर महिनाभरात फोड येतील आणि पापुद्रे सुटतील."

"मग हा फवाऱ्याचा?"

"तो उष्णता सोसणाराच रंग आहे, पण पातळ. फार तर वर्ष काढेल. माझं ऐकाल तर सिरॅमिक घ्या. दिसायला जरा मंद, पण वर्षानुवर्षं हलत नाही."

"मंद नको हो ताई. घरात एक आहे तेवढं पुरे!"

तो खळखळून हसला. सवयीने थोरलीही हसली. धाकटी पट्ट्यांकडे बघत उभी होती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि बोलत बोलत तो रस्त्यावर गेला. धाकटीने हळूच विचारलं, "ताई, यातला कमी तापतो कुठला?"

"सिरॅमिक. उष्णता आतल्या आत धरतो. वरून पुष्कळ कमी तापतो."

"म्हणजे भाजत नाही?"

"भाजतो गं. टेकलीस तर भाजणारच. जरा कमी, इतकंच."

धाकटीने पट्टीवरून अंगठा फिरवला. "किती वेळ टेकलं तर?"

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. तापलेल्या नळीला हात लागला की माणूस काय झालं ते कळायच्या आत हात मागे घेतो. किती वेळ, असा प्रश्नच येत नाही. गेल्या हिवाळ्यात धाकटीचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत सलग भाजला होता. गाडी पुसताना लागलं, असं तिने सांगितलं होतं. थोरलीने मलम आणून दिलं होतं, वर "डोळे कुठे असतात गं तुझे?" म्हणून रागावलीही होती. तो डाग चुकून लागल्याचा नव्हता, हात नळीवर धरून ठेवल्याचा होता. एखाद्या परक्या बाईचा हात असता, तर तिने तो एका नजरेत ओळखला असता.

"बाही वर कर," ती म्हणाली.

"नको."

"तू इथेच राहा. आज, आत्तापासून. मी बोलते त्याच्याशी."

"काय बोलशील?" धाकटीचा आवाज चढला नाही. "तूच म्हणाली होतीस ना, माणूस पारखून घेतलाय मी? तू लेप नीट लाव. तेवढं कर."

थोरली ऐकणार नव्हती. तो आत येताच तिने त्याला तोंडावर विचारलं, "हिचा हात कसा भाजला?"

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "तिलाच विचारा की."

"गाडी पुसताना लागलं म्हटलं ना ताई! किती चौकशा करशील?" धाकटी खाली बघत म्हणाली.

"मी ही गाडी करणार नाही," थोरली म्हणाली.

"नका करू. पलीकडच्या गल्लीत पावडर मारून देतात, त्यांच्याकडे देतो."

धाकटीने मान वर करून बहिणीकडे बघितलं. एकदाच. थोरलीने पाना उचलला आणि सायलेन्सर उतरवायला बसली.

तीन दिवस तिने त्या एका नळीवर घालवले. सिरॅमिकचे दोन हात दिले, भट्टीपुढून हलली नाही. वरून जाळीदार पत्र्याचं एक कवच आपणहून बसवून दिलं. न्यायला तो एकटाच आला. "बरा दिसतो की मंदसुद्धा," म्हणाला आणि गेला.

महिन्याभराने तो एका मित्राला घेऊन आला. कवच काढून टाकलेलं होतं.

"शोभत नव्हतं," तो म्हणाला. मग मित्राकडे वळला. "आमच्या ताईंच्या हाताला तोड नाही. तुझाही इथेच करून घे."

"ती कशी आहे?" थोरलीने विचारलं.

"मजेत. तुमच्यावर रुसलीय मात्र. तुम्ही तिला खोटं पाडलंत म्हणते."

मित्राने गाडीवरून उतरता उतरता सायलेन्सरला बोट लावून बघितलं आणि झटकन मागे घेतलं. दोघं हसले. थोरलीने मित्राला सांगितलं, सायलेन्सरचं काम बंद केलंय. तेव्हापासून खरंच बंद केलं. आता ती दारांच्या जाळ्या आणि खुर्च्यांचे पाय रंगवते. बाई चक्रम झाली, असं धाकटीचा नवरा गल्लीभर सांगत फिरतो आणि लोकांना ते पटतं.

धाकटीला ती रोज दुपारी फोन लावते. कधीमधी उचलला जातो. "बरी आहे," धाकटी म्हणते. मागून कुणाचा आवाज आला की म्हणते, "राँग नंबर."